धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षणासाठीचे शासकीय अर्थसाहाय्य

धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षणासाठीचे शासकीय अर्थसाहाय्य म्हणजे केंद्र शासन व महाराष्ट्र शासन यांच्याकडून जिल्ह्यातील बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती, शुल्क प्रतिपूर्ती, शुल्कमाफी आणि निर्वाह भत्ता होय. या योजना राज्यभर लागू आहेत. मात्र अवर्षणप्रवण शेती, हंगामी स्थलांतर आणि व्यावसायिक शिक्षणाच्या मर्यादित सोयी यांमुळे या जिल्ह्यात त्यांचे महत्त्व अधिक आहे. शासनाने उच्च शिक्षणाच्या खर्चात वाटा उचलावा याविषयी महाराष्ट्रात व्यापक सहमती आढळते. वाद आहे तो प्रामुख्याने तीन प्रश्नांवर: खर्चाचा कोणता भाग उचलावा, रक्कम केव्हा द्यावी आणि ती कोणाच्या हाती द्यावी. जिल्ह्यातील तुळजापूर येथे परिसर असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये झालेल्या विद्यार्थी आंदोलनात हे तिन्ही प्रश्न एकत्र पुढे आले.

पार्श्वभूमी

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील जिल्हा असून त्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परांडा असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती आणि साक्षरतेचे प्रमाण ७८.४४ टक्के होते. राज्याचे प्रमाण त्या वेळी ८२.३४ टक्के होते. लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे १६ टक्के असून तो राज्याच्या सरासरीपेक्षा अधिक आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व वाशिम यांच्याबरोबर या जिल्ह्याचाही समावेश झाला.

जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न कोरडवाहू शेती, शेतमजुरी आणि ऊसतोडणी यांवर अवलंबून आहे. महाविद्यालयीन प्रवेश साधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात होतात. याच काळात शेतकरी कुटुंबाचा पैसा बियाणे, खते व पेरणीत गुंतलेला असतो. खरिपाचे पीक हाती येऊन विकले जाईपर्यंत दिवाळी उजाडते. ऊसतोड कामगारांना मुकादमाकडून मिळणारी उचलही हंगामाच्या तोंडावर मिळते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी रोख रक्कम भरण्याची अट आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. अर्थसाहाय्य वर्षाच्या अखेरीस मिळाल्यास मधल्या काळात खाजगी कर्ज, दागिने गहाण ठेवणे किंवा शिक्षण सोडणे हेच पर्याय उरतात.

जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्याचे उपपरिसर केंद्र धाराशिव येथे २००४ पासून आहे. जिल्ह्यातील अनेक अनुदानित महाविद्यालये शिक्षणप्रसारक संस्थांनी उभारली. धाराशिव येथील रामकृष्ण परमहंस महाविद्यालय, उमरगा येथील श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि कळंब येथील शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय ही त्यांपैकी काही होत. तुळजापूर येथे श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. तरीही अनेक विद्यार्थी व्यावसायिक व पदव्युत्तर शिक्षणासाठी लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर व पुणे येथे जातात. त्यांच्या एकूण खर्चात शिकवणी शुल्काइतकाच, किंबहुना काही अभ्यासक्रमांत त्याहून मोठा वाटा खोलीभाडे व खानावळीचा असतो.

इतिहास

संस्थानी काळ

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाले आणि त्याचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठी भाषक ग्रामीण विद्यार्थ्यांना त्यामुळे अंतर, खर्च आणि भाषा असे तिहेरी अडथळे पार करावे लागत.

त्याच सुमारास इतर संस्थानांत अर्थसाहाय्याचे दोन नमुने घडत होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ पासून विविध समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी भीमराव आंबेडकर यांना १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार तिच्याशी जोडलेला होता. पहिल्या नमुन्यात राहण्याजेवणाची सोय होती, तर दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या हाती रक्कम दिली जात होती. आजच्या योजनांमध्येही हे दोन्ही प्रवाह दिसतात.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आरंभी या कामासाठी वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद होती. १९४८ मध्ये अनुसूचित जमातींना व त्यानंतर इतर मागास वर्गांना योजनेचा लाभ देण्यात आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४६ मध्ये दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या शैक्षणिक हितांचे संवर्धन हे राज्याचे कर्तव्य म्हणून नमूद झाले.

आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांच्या पहिल्या पिढीला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांचा एकत्रित आधार येथे मिळाला.

आर्थिक निकषावरील सवलत

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफी देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी असणे हा त्याचा निकष होता. जातीऐवजी उत्पन्नावर आधारलेली ही सवलत महाविद्यालयांत ‘ईबीसी’ या नावाने परिचित झाली. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील पहिले पदवीधर या सवलतीमुळे घडले.

खाजगी महाविद्यालये व शुल्क प्रतिपूर्ती

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शासकीय खर्चाचे स्वरूप बदलू लागले. अनुदानित महाविद्यालयात शासन शिक्षकांचे वेतन देते, म्हणून विद्यार्थ्याचे शुल्क कमी राहते. विनाअनुदानित महाविद्यालयात संपूर्ण खर्च शुल्कातून वसूल होतो. पात्र विद्यार्थ्याचे हे शुल्क शासन भरून देते, तेव्हा त्याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान (२००२) व पी. ए. इनामदार (२००५) या खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी खाजगी विनाअनुदानित संस्थांच्या स्वायत्ततेला मान्यता दिली; नफेखोरीला मात्र मज्जाव केला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये खाजगी व्यावसायिक संस्थांतील प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाचा कायदा केला आणि त्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन केले.

२०१६ नंतरचे बदल

ऑगस्ट २०१६ मध्ये मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात औरंगाबाद येथून झाली आणि त्याच महिन्यात उस्मानाबाद येथेही मोर्चा निघाला. आरक्षणाबरोबरच शेतकरी कुटुंबांतील मुलांना न परवडणारे व्यावसायिक शिक्षण हा या मोर्चांमागील असंतोषाचा एक भाग होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या सवलतीची उत्पन्नमर्यादा वाढवून सहा लाख रुपये केली आणि योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असे नाव दिले. पुढे ही मर्यादा आठ लाख रुपये झाली.

अर्थसाहाय्याचे प्रकार

शुल्काशी संबंधित योजना

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी राज्य शासनाची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना आहे; बोलीभाषेत तिला ‘फ्रीशिप’ म्हणतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांना शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती, तर इतर मागास वर्गाच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्या शुल्काची प्रतिपूर्ती असा फरक आहे. राजर्षी शाहू महाराज योजनेतही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मे शिकवणी शुल्क दिले जाते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के शिकवणी व परीक्षा शुल्काचा लाभ देण्यात आला. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा, अशा अटी आहेत. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना ही योजना लागू नाही. या निर्णयासाठी ९०६.०५ कोटी रुपयांच्या अतिरिक्त भाराला मान्यता देण्यात आली.

निर्वाहाशी संबंधित योजना

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्काखेरीज निर्वाह भत्ता असतो. २०१० मध्ये ठरलेल्या दरांनुसार कला, वाणिज्य, विज्ञान यांसारख्या सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमांच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला दरमहा ५७० रुपये व घरून ये-जा करणाऱ्यास ३०० रुपये मिळत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुसूचित जातींसाठी हे दर वार्षिक स्वरूपात अनुक्रमे ६,००० व ३,००० रुपये करण्यात आले. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरल्यास वसतिगृहवासी विद्यार्थ्याच्या भत्त्यात सुमारे अकरा वर्षांत दरमहा ३० रुपयांची वाढ झाली, तर ये-जा करणाऱ्याच्या भत्त्यात काहीच वाढ झाली नाही. व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या गटात हे दर वार्षिक १३,५०० व ७,००० रुपये आहेत.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६–१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. तिच्यात रक्कम शहराच्या वर्गानुसार ठरते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वार्षिक ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि उर्वरित ठिकाणी ४३,००० रुपये असे मूळ दर होते. धाराशिव शहरात महानगरपालिका नसल्याने ते तिसऱ्या वर्गात येते. ४३,००० रुपयांपैकी २५,००० भोजनासाठी, १२,००० निवासासाठी व ६,००० निर्वाहासाठी धरलेले होते. म्हणजे खोलीभाड्यासाठी महिन्याला १,००० रुपये. शिष्यवृत्तीतील निर्वाह भत्ता या रकमेतून वजा होतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेला मान्यता मिळाली. तिच्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी ६०० याप्रमाणे राज्यात २१,६०० विद्यार्थ्यांची मर्यादा ठरली. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी तिच्यात वार्षिक ३८,००० रुपयांचा स्वतंत्र दर आहे. उमरगा, कळंब, परांडा यांसारख्या ठिकाणी महाविद्यालये असलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची ठरते.

आपत्तीकाळातील सवलती

दुष्काळ जाहीर झालेल्या भागात विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करणे ही शासनाच्या ठरावीक सवलतींपैकी एक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा ही सवलत देण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत धाराशिव, वाशी व लोहारा यांचा समावेश होता. परीक्षा शुल्क हा एकूण खर्चाचा लहान भाग असल्याने अशा सवलतीचा प्रत्यक्ष दिलासा मर्यादित असतो. त्या वर्षी बुडालेल्या उत्पन्नामुळे खोलीभाडे, खानावळ व प्रवास यांत पडणारी तूट तिने भरून निघत नाही.

वितरणाची पद्धत

२०१७–१८ पूर्वी शिष्यवृत्तीतील शुल्काची रक्कम सामान्यतः समाजकल्याण खात्याकडून थेट महाविद्यालयास मिळे आणि निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होई. या पद्धतीत काही संस्थांनी बनावट विद्यार्थी दाखवून किंवा एकाच विद्यार्थ्याच्या नावावर अनेक वेळा रक्कम उचलल्याचे आरोप झाले. राज्य शासनाने त्यांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमले. त्यानंतर आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात थेट लाभ हस्तांतरण करण्यासाठी ‘महाडीबीटी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. पहिल्याच वर्षी त्यात तांत्रिक अडचणी आल्याने शासनाला अर्ज कागदोपत्री स्वीकारण्याची मुभा द्यावी लागली.

सध्याच्या पद्धतीत विद्यार्थी संकेतस्थळावर अर्ज भरतो. अनेकदा त्यासाठी त्याला महा-ई-सेवा केंद्राची मदत घ्यावी लागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका व महाविद्यालयाचे प्रवेशपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. अर्जाची पहिली छाननी महाविद्यालयाचा लिपिक करतो. त्यानंतर तो संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. छाननीत त्रुटी निघाल्यास अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. बँक खात्याची आधारशी जोडणी तुटलेली असणे, नावाच्या लेखनात फरक असणे आणि अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवरच पडून राहणे ही विलंबाची नेहमीची कारणे आहेत.

केंद्र व राज्य यांच्यातील खर्चाची वाटणी हाही विलंबाशी निगडित विषय आहे. पूर्वी केंद्र शासन ‘बांधील दायित्व’ या तत्त्वाने निधी देत असे. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी झालेल्या खर्चाएवढा भार त्यापुढे राज्याने स्वतः उचलायचा आणि त्यावरील वाढीव खर्च केंद्राने द्यायचा, असे त्याचे स्वरूप होते. योजनाकाळ संपल्यावर हा भार वाढून केंद्राचा वाटा घटला व अनेक राज्यांत थकबाकी निर्माण झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या योजनेसाठी ६०:४० असे प्रमाण ठरवले. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि त्यांपैकी ३५,५३४ कोटी रुपये केंद्राने द्यायचे ठरले. राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो.

तुळजापूर परिसर आणि २०१८ चे आंदोलन

टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तुळजापूर येथील तिचा ग्रामीण परिसर १९८०च्या दशकात सुरू झाला. पुढे तेथे ग्रामीण विकास व सामाजिक कार्य या विषयांचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू झाले.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क न घेण्याची प्रथा संस्थेत होती. रक्कम नंतर राज्य शासनांकडून येत असे. पुढे संस्थेने इतर मागास वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीचे आणि त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीचे वसतिगृह व भोजन शुल्कातील साहाय्य मागे घेतले. शासनाकडून मिळणारी रक्कम वसतिगृह व भोजनाच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असून ती उशिरा येते आणि ही तूट सोसणे संस्थेला शक्य नाही, अशी संस्थेची भूमिका होती.

२१ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी या चारही परिसरांतील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकून आंदोलन सुरू केले. साहाय्य मागे घेतल्यास वंचित घटकांतील विद्यार्थी प्रवेश नाकारतील किंवा अर्ध्यावर शिक्षण सोडतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्यवृत्तीचा हक्क कागदावर कायम असला, तरी आधी रक्कम भरण्याची अट घातल्याने तो निरुपयोगी ठरतो, हा त्यांच्या मांडणीतील मध्यवर्ती मुद्दा होता. संस्थेने त्या वेळी शिकत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना दिलासा देण्याची तयारी दर्शविली. पुढील तुकड्यांबाबतचा प्रश्न मात्र वादाचाच राहिला.

या आंदोलनाचे महत्त्व संस्थेपुरते मर्यादित नव्हते. शासनाची योजना अस्तित्वात असताना आणि संस्था सार्वजनिक निधीवर चालत असतानाही शासन व संस्था यांच्यातील तुटीचा भार अखेर विद्यार्थ्यावर कसा येतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

वादाचे प्रमुख मुद्दे

शुल्क की निर्वाह

शुल्क प्रतिपूर्तीच्या समर्थकांच्या मते वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांचे शुल्क हाच गरीब विद्यार्थ्यापुढील सर्वांत मोठा अडथळा असतो आणि तो दूर केल्याशिवाय सामाजिक प्रतिनिधित्व वाढत नाही. टीकाकारांच्या मते जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थी अनुदानित महाविद्यालयांत कमी शुल्काच्या अभ्यासक्रमांना शिकतात. त्यांचा खरा खर्च प्रवास, भोजन व पुस्तके यांवर होतो. त्यांना शुल्कमाफीचा लाभ थोडा मिळतो आणि निर्वाह भत्ता अपुरा पडतो. २०२४ च्या मुलींसाठीच्या निर्णयाबाबतही असाच आक्षेप नोंदवला जातो. शुल्क माफ झाले, तरी शहरात सुरक्षित वसतिगृह न मिळाल्यास ग्रामीण पालक मुलीला दूर पाठवण्यास धजावत नाहीत.

संस्थेला की विद्यार्थ्याला

रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात दिल्याने बनावट नोंदींना आळा बसतो आणि विद्यार्थ्याला आपल्या हक्काची रक्कम कळते, असे थेट हस्तांतरणाच्या समर्थकांचे मत आहे. महाविद्यालयांचा आक्षेप असा, की शुल्काची रक्कम खात्यात आल्यावर ती काही वेळा घरच्या निकडीसाठी खर्च होते आणि महाविद्यालयाची थकबाकी राहते. अशा वसुलीसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका अडवून ठेवल्याच्या तक्रारी विद्यार्थी संघटना करतात. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिल्या आहेत. परंतु प्रतिपूर्ती रखडल्यास शिक्षकांचे पगार थकतात, असे विनाअनुदानित संस्थांचे म्हणणे असते.

प्रतिपूर्ती की संस्थाउभारणी

शुल्क प्रतिपूर्तीवरील खर्चाचा मोठा भाग खाजगी संस्थांकडे जातो. त्याऐवजी शासकीय महाविद्यालये व वसतिगृहे उभारावीत, असा एक पक्ष आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच उद्दिष्ट मांडले. याचा आधार हा पक्ष घेतो. दुसऱ्या पक्षाच्या मते नवी संस्था उभी राहण्यास अनेक वर्षे लागतात, तर प्रतिपूर्तीमुळे विद्यार्थ्याला उपलब्ध जागेवर तत्काळ प्रवेश घेता येतो.

प्रादेशिक व सामाजिक समतोल

वि. म. दांडेकर समिती (१९८४) व विजय केळकर समिती (२०१३) यांनी राज्यातील प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास केला. अर्थसाहाय्याच्या संदर्भात हा प्रश्न दोन रूपांत येतो. आधार योजनेत प्रत्येक जिल्ह्याला समान संख्या दिल्याने लहान जिल्ह्याला तुलनेने लाभ होतो. मात्र जिल्ह्याची गरिबी किंवा महाविद्यालयांची संख्या तिच्यात विचारात घेतली जात नाही. शहराच्या वर्गानुसार ठरणाऱ्या दरांत लहान शहरातील खर्च कमी मानला जातो, परंतु लहान शहरांत खानावळ व वसतिगृहांचे पर्यायही कमी असतात. याशिवाय वेगवेगळ्या प्रवर्गांसाठी वेगवेगळी खाती, उत्पन्नमर्यादा व दर असल्याने एकाच वर्गात, सारख्याच परिस्थितीत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना भिन्न साहाय्य मिळते. सर्व योजनांत समानता आणावी ही मागणी त्यातून पुढे आली. ऐतिहासिक वंचितता आणि वर्तमान गरिबी या भिन्न बाबी असल्याने दर सारखे करताना सामाजिक निकष पुसले जाऊ नयेत, असे या मागणीचे टीकाकार सांगतात.

अनुदान की कर्ज

काही अर्थतज्ज्ञ उच्च शिक्षणाचा लाभ मुख्यतः व्यक्तीला होतो असे मानून शैक्षणिक कर्जाचा पुरस्कार करतात. इंग्लंडमध्ये २०१६ पासून नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह अनुदान बंद करून त्याऐवजी कर्ज देण्याचा निर्णय झाला. अमेरिकेतील पेल अनुदान मात्र परत करावे लागत नाही आणि ते शुल्काबरोबर राहण्याजेवणाच्या खर्चालाही वापरता येते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात कर्जाच्या पर्यायाला मर्यादा आहेत. पीककर्जाची थकबाकी असलेल्या कुटुंबाला नवे कर्ज मिळणे अवघड जाते, आणि पदवीनंतर निश्चित नोकरी नसल्यास परतफेडीचा भार पुन्हा शेतीवर पडतो.

परिणाम आणि सद्यस्थिती

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व ईबीसी सवलत यांनी मराठवाड्यात शिक्षक, प्राध्यापक, लेखक आणि प्रशासकीय अधिकारी यांची एक पिढी घडवली. अर्थसाहाय्याच्या परिणामकारकतेचा हा सर्वांत ठळक पुरावा मानला जातो. त्या काळी उच्च शिक्षण मुख्यतः शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत होते, शुल्क कमी होते आणि वसतिगृहांमुळे निर्वाहाचा प्रश्न अंशतः सुटत असे. व्यावसायिक शिक्षणाचा विस्तार खाजगी क्षेत्रात झाल्यानंतर शासनाचा खर्च प्रामुख्याने शुल्काकडे वळला. निर्वाह भत्त्याचे दर मात्र महागाईच्या मागे राहिले.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी धाराशिवसह दहा जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ८२ वसतिगृहे मंजूर झाली. स्थलांतराच्या काळात मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये हा तिचा हेतू आहे. मुलांची शाळाच सुटली, तर महाविद्यालयीन शिष्यवृत्तीपर्यंत ती पोहोचतच नाहीत. या दृष्टीने ही योजना उच्च शिक्षणाच्या अर्थसाहाय्याला पूरक ठरते.

या क्षेत्रातील मागण्यांत पहिल्या सत्रातच शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता देणे, निर्वाह भत्ता महागाई निर्देशांकाशी जोडणे, सर्व प्रवर्गांच्या अर्जांसाठी एकच छाननी व्यवस्था ठेवणे आणि तालुक्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहे वाढवणे यांचा समावेश होतो. त्यांपैकी वेळेवर वितरणाच्या मागणीला इतरांच्या तुलनेत कमी नव्या निधीची गरज आहे, कारण तीत मंजूर झालेलीच रक्कम लवकर देणे अपेक्षित आहे. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुढच्या उन्हाळ्यात मिळणारी शिष्यवृत्ती ही प्रत्यक्षात वर्षभराच्या उसनवारीची परतफेड असते. आणि ज्याला उसनवारी मिळत नाही, तो त्या रकमेपर्यंत पोहोचतच नाही.